प्रत आहे; पण परत येईल काय?

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांचा हंगाम जवळ आला आहे. कायद्याप्रमाणे ह्या सभा सप्टेंबरअखेर आटोपावयाच्या असल्यामुळे नागरी बँकांचे व पतसंस्थांचे छापील अहवाल लवकरच सभासदांच्या घरी येऊन पडतील. ठेवी किती वाढल्या, थकबाकी किती उरली, लाभांश किती टक्के द्यावयाचा, ह्या प्रश्नांची उत्तरे त्यांत असतील. संचालक मंडळाची छायाचित्रे तर असतीलच. परंतु ज्या यंत्रात ह्या ठेवींची नोंद आहे ते उद्या सकाळी बंद पडले, तर ती नोंद किती तासांत पुन्हा उभी राहील, आणि ती तशी उभी राहते हे अखेरचे केव्हा करून पाहिले, हे सांगणारी एकही ओळ अशा अहवालांत आम्हांला अद्याप आढळलेली नाही. यंदाच्या सभांतून सभासदांनी विचारावयाचा पहिला प्रश्न आमच्या मते हाच आहे.

चाळीसगावकरांना तो परका वाटण्याचे कारण नाही. २०२१ सालच्या ऑगस्टच्या ३० आणि ३१ तारखांच्या दरम्यानच्या रात्री कन्नडच्या डोंगरांत जो पाऊस कोसळला त्याने घाटात दरडी आणल्या, तितूर आणि डोंगरी ह्या दोन्ही नद्या एकाच वेळी फुगविल्या आणि ते पाणी गावाच्या बाजारपेठेत आणून घातले. दप्तरात पाणी शिरले तर कागद वाळत घालता येतो. शाई फुटली तरी जुना कारकून आकडा ओळखतो. संगणकाच्या डिस्कमध्ये गाळाचे पाणी शिरले म्हणजे असा उपाय चालत नाही. तीतून काही निघालेच तर ते मोठ्या शहरातल्या जाणकाराकडून, पुष्कळ दिवसांनी व पुष्कळ खर्चाने निघते, आणि पुष्कळदा निघतच नाही. पूर्वी संस्थेची वही बुडत असे. आता वही, तिची नक्कल आणि नकलेची नक्कल एकाच कपाटात असल्यास तिन्ही एकदम बुडतात.

हा विषय काढला की संस्थाचालकांकडून एकच उत्तर येते: ‘बॅकअप आहे.’ हे उत्तर बहुधा खरे असते. पण ते अपुरे असते. बॅकअप म्हणजे राखीव प्रत. ती असणे ही एक गोष्ट आणि तीतून चालते काम परत उभे करता येणे ही दुसरी. पहिली गोष्ट रोज रात्री यंत्र आपोआप करते, म्हणून तिच्याविषयी सर्व निश्चिंत असतात. दुसरी माणसाला मुद्दाम वेळ काढून करावी लागते, म्हणून ती राहून जाते. आणि ती राहून गेली आहे हे संकटाच्या दिवशीच कळते.

ह्याचे ठळक उदाहरण ज्यांचा धंदाच संगणकाचा त्यांच्याच घरचे आहे. गिटलॅब ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची कामे सांभाळून ठेवणारी जगप्रसिद्ध कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिचा एक अभियंता रात्री उशिरापर्यंत एका बिघाडाशी झगडत होता. दुय्यम सर्व्हरवरील माहिती पुसावयाची होती. त्याने आज्ञा दिली ती मुख्य सर्व्हरवर. चूक एक-दोन सेकंदांत त्याच्या ध्यानात आली, पण तेवढ्यात सुमारे ३०० गिगाबाइट माहितीपैकी अवघी साडेचार गिगाबाइट शिल्लक राहिली होती. आता बॅकअप काढावयाचा. कंपनीकडे प्रती राखण्याच्या एक नव्हे, पाच तऱ्हा होत्या. शोध घेता कळून आले की त्यांतली एकही भरवशाने चालत नव्हती. रोजची प्रत ठेवण्याची जागा रिकामी निघाली. कारण प्रत घेणारा प्रोग्रॅम एका आवृत्तीचा आणि डेटाबेस दुसऱ्या आवृत्तीचा, म्हणून ते काम रोज अयशस्वी होत होते. तसे कळविणारी पत्रे यंत्र पाठवीत होते, पण टपाल स्वीकारणारी व्यवस्था ती पत्रे संशयास्पद ठरवून परत फिरवीत होती! शेवटी त्याच अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी सहज घेतलेली एक प्रत हाती लागली आणि तिच्यावर सर्व डोलारा पुन्हा उभारला गेला. त्याला अठरा तासांहून अधिक वेळ लागला आणि सहा तासांतले ग्राहकांचे काम कायमचे गेले. कंपनीने काही लपविले नाही. सारी हकीकत जगापुढे मांडली, हे तिचे मोठेपण मान्य केले पाहिजे. आपल्याकडील किती संस्था असे करतील, हा वेगळा प्रश्न.

ह्यातले मर्म समजण्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. जुन्या पेढीवर रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. व्यवहार प्रथम रोजकीर्दीत चढे आणि तेथून खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर जाई. डेटाबेसही हेच करतो. प्रत्येक फेरफार आधी क्रमवार नोंदीत लिहितो व मग मूळ तक्त्यात उतरवितो. रविवारी रात्री घेतलेली खतावणीची पुरी प्रत आणि सोमवार सकाळपासूनची रोजकीर्द एवढे हाती असेल, तर गुरुवारी दुपारी बुडालेली खतावणी त्याच मिनिटापर्यंत पुन्हा लिहून काढता येते. इतकेच नव्हे, कोणी चुकीची आज्ञा दिली असेल तर तिच्या आधीच्या मिनिटावर थांबताही येते. पण रोजकीर्द त्याच डिस्कवर असेल तर दोन्ही एकदम जातात. रोज केवळ त्या दिवसाचा फरक तेवढा टिपून ठेवण्याची काटकसरी पद्धत असेल आणि मंगळवारचा तुकडा खराब निघाला, तर बुधवारपासूनचे सर्व तुकडे शाबूत असूनही निरुपयोगी ठरतात. आणि खातेवही लिहिली जात असतानाच कोणी तिची झेरॉक्स काढली तर काय होईल? एकाच्या खात्यावर रक्कम नावे पडलेली दिसेल आणि दुसऱ्याच्या खात्यावर जमा झालेली दिसणार नाही. चालत्या डेटाबेसच्या फायली नुसत्या उचलून पेन ड्राइव्हवर ठेवणारे नेमके हेच करतात. अशी प्रत दिसावयास पुरी असते, आकारानेही भरते. ती खोटी आहे हे उघडून तेरीज जुळवून पाहीपर्यंत समजत नाही.

एकाच पेटीत दोन डिस्का बसवून दोहोंवर एकच मजकूर लिहिण्याची सोय असते. तिलाही पुष्कळ लोक बॅकअप समजतात. एक डिस्क बिघडली तर काम थांबू नये, एवढ्यापुरतीच ती सोय आहे. चुकून पुसलेले दोहोंवरूनही त्याच क्षणी पुसले जाते; पूर आला तर दोन्ही जातात. दूरच्या सर्व्हरवर क्षणोक्षणी नक्कल उमटविण्याची व्यवस्था अधिक खर्चाची खरी, पण तीही चूक तितक्याच इमानाने नकलते.

२०१७ च्या जून महिन्यात मर्स्क ह्या डॅनिश जहाज कंपनीवर जो प्रसंग आला तो ह्या दृष्टीने मननीय आहे. संगणकांत शिरून सर्व काही पुसून टाकणारा एक घातक प्रोग्रॅम तिच्या जगभरच्या यंत्रांत पसरला. आपल्या न्हावाशेवा बंदरातील तिच्या टर्मिनलचे कामही त्यामुळे अडले. कोणत्या माणसाला कोणत्या यंत्रावर प्रवेश द्यावयाचा ह्याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर कंपनीपाशी होते. ते सर्व एकमेकांची नक्कल ठेवीत, म्हणून त्यांची वेगळी प्रत कोणी राखलेलीच नव्हती. दीडशेच्या दीडशे एकदम जातील असे कोणाला वाटले असेल? ते गेले. वाचला तो एकच, आफ्रिकेतील घाना देशातला. आणि तो वाचला ह्याचे कारण इतकेच की हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती! भारनियमनाचे इतके मोठे उपकार खानदेशातही कोणी अनुभवले नसतील. तो मजकूर तारेवरून इंग्लंडला पाठविण्यास अनेक दिवस लागले असते, म्हणून डिस्क माणसाच्या हाती देऊन विमानाने नेण्यात आली. तारेपासून तुटलेली एक प्रत असावी, हा धडा त्या कंपनीला दैवाने फुकट दिला.

हा धडा आता अधिकच निकडीचा झाला आहे. यंत्रात शिरून मजकुराला कुलूप लावावयाचे आणि किल्लीसाठी खंडणी मागावयाची, असा धंदा करणारे दरोडेखोर प्रथम बॅकअप शोधतात आणि त्याचा नाश करून मग मूळ मजकुराकडे वळतात. यंत्राला अष्टौप्रहर जोडून ठेवलेली डिस्क त्यांच्या हाती आयतीच लागते. २०२१ च्या मार्चमध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळावर असा हल्ला झाला. २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर झाला. तेथे रुग्णांची नोंदणी सुमारे दोन आठवडे हाताने कागदावर चालली, आणि माहिती परत मिळाली ती हल्ल्याचा स्पर्श न झालेल्या एका राखीव सर्व्हरवरून. ‘आमचे सर्व काही मोठ्या कंपनीकडे सोपविले आहे’ असे म्हणणाऱ्या लहान बँकांनी २०२४ च्या जुलैची अखेर आठवावी. अशा बँकांना सेवा पुरविणाऱ्या एका कंपनीवर हल्ला होताच देशातील सुमारे तीनशे लहान बँकांचे देवघेवीचे मार्ग खबरदारी म्हणून तात्पुरते तोडावे लागले होते.

आमचे काही सुशिक्षित मित्र ‘क्लाउड’चे नाव घेऊन निश्चिंत होतात. क्लाउड म्हणजे ढग. आणि ढगावर विसंबण्याविषयी ढगफुटी पाहिलेल्या गावाला कोणी काय सांगावे? विनोद सोडला तरी क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतला संगणक, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. दक्षिण कोरियात देजॉन येथील सरकारी केंद्राला २६ सप्टेंबर २०२५ रोजी बॅटरीमुळे आग लागली आणि सरकारी नोकरांच्या कागदपत्रांचे एक ८५८ टेराबाइटचे सामाईक भांडार जळून गेले. भांडार फार मोठे म्हणून त्याची बाहेर कोठे प्रत ठेवलेली नव्हती. उलट ऑस्ट्रेलियातील युनिसुपर ह्या निवृत्तिवेतन निधीचे खाते २०२४ च्या मे महिन्यात गूगलच्या चुकीने पुसले गेले, तेव्हा त्या निधीने तिसऱ्याच कंपनीकडे ठेवलेली प्रत कामी आली. पीटर क्रोग ह्या अमेरिकन छायाचित्रकाराने आपल्या व्यवसायबंधूंसाठी एक नियम प्रचारात आणला होता: प्रती तीन, त्या दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. चाळीसगावपुरते बोलावयाचे तर ‘दुसरे ठिकाण’ म्हणजे स्टेशनपलीकडची शाखा नव्हे. तितूरच्या पुराने जी बुडणार नाही ती जागा दुसरी. धुळे पांझरेच्या काठी आहे. तेथपर्यंत आगगाडी जाते.

परंतु प्रत कोठे ठेवावी ह्यापेक्षा ती जिवंत कशी ठेवावी, हा प्रश्न अधिक कठीण आहे, आणि त्याचा विचार ह्याच तालुक्यात आठशे वर्षांपूर्वी झालेला आहे. पाटण येथील शके ११२८ चा शिलालेख आमच्या वाचकांना ठाऊक आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्याने आजोबांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’ प्रभृती ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापिला; निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला दान दिले. लेखाचा शेवटचा भाग तत्कालीन मराठीत आहे आणि मठाला कोठून काय मिळावे ह्याची तरतूद तीत कोरलेली आहे. डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी १८६५ साली ह्या लेखाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. येथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. चांगदेवाला ग्रंथाची नुसती प्रत जपावयाची असती तर दगडी पेटी पुरली असती. त्याने पेटी केली नाही, मठ केला. म्हणजे ग्रंथ रोज उघडला जाईल, विद्यार्थी गणित करून पाहील, पाठात चूक असेल तर उत्तर चुकेल आणि चूक सापडेल, अशी व्यवस्था केली. आणि त्या व्यवस्थेला कायमचे उत्पन्न लावून दिले. पुढे मठ राहिला नाही. ग्रंथ राहिला, कारण तो शिकणाऱ्यांनी ठिकठिकाणी उतरून नेला होता. नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५४५ मध्ये ‘लीलावती’वर टीका लिहिली, अकबराच्या दरबारी फैजीने १५८७ मध्ये ती फारसीत नेली. पाटणचा एकच दगड आणि एकच पोथी एवढ्यावर भिस्त असती, तर भास्कराचार्य आज केवळ नावाने उरले असते.

आजच्या संस्थांत हे काम ज्याच्याकडे असते तो संगणक विभागाचा एखादा तरुण. छपाईयंत्रात अडकलेला कागद काढण्यापासून साहेबांचा मोबाइल दुरुस्त करण्यापर्यंत सर्व कामे त्याच्याकडे असतात. बॅकअप नीट चालला म्हणून त्याला कोणी हार घालीत नाही. तो चालला नाही तर मात्र नोकरी त्याचीच जाते. प्रत उघडून पाहावयाची तर ती चालू सर्व्हरवर उघडता येत नाही. तेथे उघडली तर आजच्या नोंदीवर कालची नोंद बसून भलताच अनर्थ ओढवावयाचा. त्यासाठी नेटवर्कपासून तोडलेले वेगळे यंत्र हवे. ते मागितले की ‘गेल्या वर्षीच तर नवा सर्व्हर घेतला’ असे ऐकावे लागते. हे यंत्र नवे किंवा भारी असण्याची गरज नाही. जुना, मोडीत काढलेला सर्व्हरही चालेल. अहवालाच्या गुळगुळीत कागदावर जो खर्च होतो त्याच्या शेजारी हा खर्च ठेवून पाहावा.

ह्या तालमीत काय करावयाचे? सर्व काही बुडाले असे समजून केवळ बाहेरगावच्या प्रतीवरून रिकाम्या यंत्रात संपूर्ण व्यवस्था उभी करावयाची, मग तेरीज जुळवावयाची, दहा-पाच खाती छापील पासबुकांशी ताडून पाहावयाची, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत किती तास लागले ते लिहून ठेवावयाचे. तासांचा हिशेब कागदावर करून भागत नाही. दोन टेराबाइटचा मजकूर सेकंदाला शंभर मेगाबिटच्या जोडणीवरून उतरवावयाचा तर अखंड चव्वेचाळीस तास लागतात, आणि जोडणी अखंड राहील असे मानणारा मनुष्य आमच्या भागातला नव्हे. शिवाय हे काम ज्याने बॅकअप रचला त्याच्याकडून करवून घेऊ नये. त्याने लिहून ठेवलेल्या सूचना वाचून दुसऱ्याने करावे. पुराच्या रात्री पहिला मनुष्य घाटापलीकडे अडकलेला असेल. प्रत सांकेतिक कुलपात ठेवली असल्यास, आणि ठेवीदारांची माहिती तशीच ठेवली पाहिजे, त्या कुलपाची किल्ली बुडालेल्या यंत्रातच नव्हती ना, हेही त्याच दिवशी कळेल.

अशी तालीम जाहीर केली तर ठेवीदार घाबरतील, हा आक्षेप आम्ही ऐकला आहे. अग्निशामक दलाने कवायत केली म्हणून कोणी गाव सोडून जात नाही. ठेवीदार घाबरतो तो पैसे काढावयास गेल्यावर ‘सर्व्हर बंद आहे’ ही पाटी पाहून, आणि ती पाटी किती दिवस राहणार हे कोणी सांगत नाही तेव्हा.

सरकारनेही ह्यातून सुटू नये. सातबारा उतारा २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीने मिळतो, ही सोय मोठीच आहे. पण तलाठ्याची हस्तलिखित वही आता पडताळ्याला नाही, म्हणून यंत्रातील नोंद हीच शेतकऱ्याची जमीन. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागून वरचे मजले जळाले, तेव्हा जळालेल्या फायली इतर कार्यालयांतील प्रतींवरून पुन्हा जमविण्यात अधिकाऱ्यांचा किती काळ गेला हे महाराष्ट्राने पाहिले आहे. भूमिअभिलेखांची पुनःस्थापना अखेरची कधी करून पाहिली व तिला किती वेळ लागला, ही दोन उत्तरे दरवर्षी प्रसिद्ध व्हावीत. त्यांत गुप्त ठेवण्यासारखे काही नाही.

धाब्याच्या घरावर मृगापूर्वी नवी माती टाकण्याची खानदेशची रीत आहे. आमची सूचना अशी की शहरातील प्रत्येक बँकेने, पतसंस्थेने, नगरपरिषदेने आणि रुग्णालयाने ही तालीम दरवर्षी मृग नक्षत्राच्या आत उरकावी, आणि तिची तारीख, लागलेले तास व न जुळलेल्या नोंदींची संख्या अहवालात लेखापरीक्षकांच्या दाखल्याशेजारी छापावी. यंदाचा मृग गेला आहे. सभा अजून व्हावयाच्या आहेत. विषयपत्रिकेत शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय’ असे कलम असते. चहा येण्यापूर्वी त्या कलमाखाली एखाद्या सभासदाने उठून तालमीची तारीख विचारावी. तारीख सांगता आली तर टाळ्या द्याव्यात. सांगता आली नाही, तर पुढील तारीख तेथल्या तेथे ठरवून इतिवृत्तात लिहून घ्यावी.